वेलक्रोखाली अकरा लाख

डोंबिवलीतल्या एका बँकेत माझी अकरा लाखांची ठेव आहे, ही गोष्ट गेल्या डिसेंबरपर्यंत जगात तेरा जणांना माहीत होती. मी आणि माझ्या वर्गातले बारा विद्यार्थी. (बँकेलाही माहीत होती, पण बँकेला मी माणसांत धरत नाही.)

मी विशेष शिक्षक आहे. ज्यांना शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यांना शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. अगदी सुरुवातीला एक मुलगी बघायला गेलो, तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं होतं, "विशेष शिक्षक म्हणजे पगारही विशेष असेल?" मी आकडा सांगितला. त्यांनी पोह्यांची बशी माझ्या पुढ्यातून हळूच मागे ओढली, असं मला आजही वाटतं. (नंदा म्हणजे माझी धाकटी बहीण, ती तिथे होती. ती म्हणते, बशी जागेवरच होती, मीच लाजून खाल्लं नाही.)

त्यानंतर मी लग्नाचा विषय सोडला आणि बचतीचा धरला.

आमच्या धंद्यात मोठ्या कामाचे बारीक बारीक टप्पे पाडतात. दात घासण्याचे आम्ही चौदा टप्पे करतो. 'म्हातारपणी कुणापुढे हात पसरायचा नाही' या कामाचे मी किती केले, ते मोजायला नको. पगारवाढ झाली की ती घरी न आणता थेट बँकेत. रिक्षा नाही, कोपर स्टेशनपर्यंत चालत. दोन पँटी, आलटून पालटून. पहिली लाखाची ठेव झाली तेव्हा मुलांना देतो तसा चांदणीचा शिक्का मी स्वतःच्या मनगटावर मारून घेतला. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मनालीने तो बघितला. मनाली तेव्हा लहान होती, आता चोवीस वर्षांची आहे, अजून माझ्याच वर्गात, आणि दुपारी आमच्या कार्यशाळेत कागदी पाकिटं चिकटवते.

"सर, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही गं."

"काही नाही केलं तर चांदणी नाही मिळत," ती म्हणाली. नियम माझाच होता!

तर मग अशा सगळ्या ठेवी मोडून, जोडून, एके दिवशी अकरा लाखांची एकच पावती हातात आली. घरी आलो. पावती टेबलावर ठेवली, चहा केला आणि समोर बसलो. पंखा सोडला तर घरात कोणी हलत नव्हतं. फोन हातात घेतला आणि लक्षात आलं, कोणाला सांगायचं? सहकाऱ्यांना सांगितलं तर उसने मागतील. शेजाऱ्यांना सांगितलं तर लिफ्टच्या वर्गणीला मला पुढे करतील. नंदा ठाण्याला नौपाड्यात, तिच्या संसारात. तिची माझी भेट राखीला आणि भाऊबीजेला.

दुसऱ्या दिवशी मी ती पावती वर्गात घेऊन गेलो. 'खऱ्या वस्तू दाखवून शिकवा' हा आमच्याकडे पहिला नियम. पावतीची हातभर मोठी प्रत काढली, पुठ्ठ्यावर लावली, 'बँकेची पावती' असा धडा घेतला. बाराच्या बारा जणांनी आकडा वाचून टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की हे शैक्षणिक साहित्य आहे. आता खरं लिहितो: मला कोणाला तरी दाखवायचं होतं.

धडा झाल्यावर नावावर मात्र मी पट्टी लावली. एवढा सावध होतो! फक्त आमच्या शाळेत तक्त्यांवर डिंकाने काही चिकटवत नाहीत. मुलांना लावायला-काढायला सोपं जावं म्हणून सगळं वेलक्रोने लावतात. हात सवयीने वेलक्रोकडे गेला.

त्याच सुमारास शाळेचे पगार तीन महिने अडकले. तसे ते मधूनमधून अडकतात. नंदाला कुठून तरी कळलं आणि शनिवारी ती नौपाड्याहून डबा घेऊन दारात उभी.

"दादा, सांगायचं नाही होय रे? परकी झाले का मी?"

डाळिंबीची उसळ होती. ती दोन तास बसली. उशीच्या अभ्र्यावरून बोलली, स्वयंपाकघरातल्या कळकट किटलीवरून बोलली, आमच्या आईच्या आठवणीने रडली, मग हसली. पुढच्या शनिवारी परत. चौथ्या शनिवारच्या आदल्या दिवशी तीन महिन्यांचा पगार एकदम जमा झाला. तिला सांगायचं असं मी पक्कं ठरवलं होतं. ती चपला काढता काढता म्हणाली, "अजून नाही ना रे झाला पगार?"

"नाही."

एवढंच म्हणालो. एक शब्द. तो पुढे दीड वर्ष चालला.

सुरुवातीला डबा होता. मग ती महिन्याला दोन हजारही ठेवायला लागली. "घे रे, माझेच आहेत. घरी साड्यांना पिको-फॉल करायला घेतलंय." मी 'नको, नको' म्हणालो. (तीनदा म्हणालो. चौथ्यांदा म्हणालो असतो तर बहुधा सुटलो असतो.) ते पैसे मला खर्च करवेनात आणि परत देता येईनात, तेव्हा सव्वीस वर्षांच्या सवयीप्रमाणे मी त्यांचं दरमहाचं खातं उघडलं. म्हणजे बहीण माझ्यावर दया करत होती आणि मी त्या दयेवर व्याज घेत होतो!

मग मेहुण्यांच्या पँटी आल्या. वसंतराव माझ्या दुप्पट. पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून मी त्या शनिवारपुरत्या घालायचो, तिला बरं वाटावं म्हणून. एका शनिवारी ती माझ्या शर्टाचं बटण लावायला बसली. सुई हात लांब करून धरली, मग जवळ आणली, मग खिडकीपाशी गेली. दोरा काही ओवला जाईना.

"नंबर वाढलाय गं तुझा. चष्मा कर की."

"करीन रे. पुढच्या महिन्यात बघू," ती म्हणाली. प्रत्येक महिन्यात ती 'पुढच्या महिन्यात' म्हणत होती, आणि का, ते मला कळत होतं. बोललो नाही. शनिवार बंद होतील ही भीती त्या चष्म्यापेक्षा मोठी झाली होती. इतका वाईट माणूस मी नव्हतो हो, पण एकदा सवय लागली की होतो माणूस.

डिसेंबरात एका शनिवारी शाळेत शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन होतं; संध्याकाळी नंदा घरी येणार म्हणून मी वसंतरावांची पँट घालूनच गेलो होतो. तो पावतीचा तक्ता मी कपाटात कुलूप लावून ठेवला होता. मुख्याध्यापिका बाईंकडे सगळ्या कपाटांच्या किल्ल्या असतात. "सर, एवढा सुंदर तक्ता लपवून ठेवता?" म्हणत त्यांनी तो दारातच, सगळ्यांत पुढे लावला. मी तो काढायला धावलो, तर समोरून नंदा! आणि मागे वसंतराव, इस्त्रीच्या सफारीत, कपाळावर आठ्या.

"दादा, तुम्ही मध्ये पडू नका," वसंतराव म्हणाले. "आज सोक्षमोक्ष. कुठायत तुमच्या बाई?"

"वसंतराव, चहा घेऊ या आधी. बाहेर छान मिळतो."

"चहा मागाहून. अहो बाई! दीड वर्ष माणसाला पगार नाही? काही लाज?"

बाई गोंधळल्या. "कोणाला नाही पगार?"

"यांना! अंगावरची पँट बघा यांच्या. माझी आहे ती!"

सगळ्यांनी माझी पँट बघितली. बाई म्हणाल्या, "अहो, पगार तर दर महिन्याला..." आणि त्याच वेळी तक्त्याजवळ उभी असलेली मनाली पुढे आली. पाहुणे आले की आपला तक्ता वाचून दाखवायचा, हे मीच तिला तीन आठवडे शिकवलं होतं. दुसऱ्या तक्त्यावर! पण तिला हा जास्त आवडायचा.

"नमस्कार. ही बँकेची पावती आहे," ती खणखणीत म्हणाली. "एक! एक! शून्य! शून्य!"

मागून वर्गातल्या बाकीच्यांनी साथ धरली. "शून्य! शून्य! शून्य!" प्रत्येक शून्याला नंदाची मान माझ्याकडे थोडी वळत होती, कारण पहिल्या एकापासून मला घाम फुटला होता.

"अकरा लाख रुपये," मनालीने सांगितलं. "कोणाचे?"

जिथे वेलक्रो दिसेल तिथे ओढायचं, हे आमच्या शाळेत पहिल्या वर्षी शिकवतात. खर्र्र! खाली माझं नाव, अक्षरं अंगठ्याएवढी. चष्म्याचा नंबर कितीही वाढलेला असला तरी वाचता येतील एवढी.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मनालीने माझ्याकडे बघितलं, तिला शाबासकी हवी होती. मी दिली. बरोबरच वाचलं होतं तिने.

नंदा बाकड्यावर जाऊन बसली. मी शेजारी बसलो, मध्ये पर्स ठेवण्याइतकी जागा सोडून.

"दादा, तुला भूक नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"मग काय हवं होतं?"

"उपाशी असतो तर सांगितलं असतं गं. एकटा आहे, हे कसं सांगतात ते मला येत नाही."

ती उठली आणि वसंतरावांना म्हणाली, "चला." वसंतरावांनी जाताना पँटीकडे एकदा बघितलं, पण जागा सार्वजनिक होती.

त्यानंतरचे अकरा शनिवार कोणी आलं नाही. मी दर शनिवारी घर झाडून, किटली घासून बसत होतो. अकराव्या शनिवारी तिचे सगळे पैसे व्याजासकट पाकिटात घातले आणि पहिल्यांदाच, सण नसताना, नौपाड्याला गेलो. दार तिनेच उघडलं. नाकावर नवा चष्मा होता. पाकीट घेतलं, उघडून बघितलं आणि ब्लाउजच्या कापडांखाली ठेवून दिलं. "नको" एकदाही म्हणाली नाही.

"यापुढे डबा मिळायचा नाही," ती म्हणाली. "शनिवारी इथे यायचं. भाजी निवडायची, यांची बडबड ऐकायची, जेवायचं. आणि तुझ्यासारख्या श्रीमंताला फुकट नाही हं. ताटाचे दोनशे रुपये."

इथे मी रडायला हवं होतं, निदान तिचा हात तरी धरायला हवा होता. दारात उभ्या उभ्या माझ्या तोंडून जे बाहेर पडलं, ते असं होतं:

"वर्षाचे आगाऊ भरले तर काही कमी होईल का गं?"

वर्षभर यायला मिळावं म्हणून तसं विचारलं, असं मी तिला नंतर समजावलं. तिला ते पटलंही. पण आता सगळं कबूलच करतोय तर हेही करतो. बावन्न शनिवार गुणिले दोनशे म्हणजे दहा हजार चारशे, हा आकडा माझ्या डोक्यात डोळ्यांतल्या पाण्याच्या आधी आला होता.