दसऱ्याला पुजलेली सीडी

आमच्या घरातून आजवर एकही खोकं बाहेर गेलेलं नाही. मिक्सर भंगारात गेला, त्याचं खोकं माळ्यावर सुखरूप आहे. मी जन्मभर पंख्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो आणि तिथे एकच धडा शिकलो: वस्तू बिघडते, ओरिजिनल पार्ट कधी दगा देत नाही. (पुढे तो कारखानाच बंद पडला, पण ते असो.)

कॉम्प्युटरचं खोकंही असंच माळ्यावर होतं आणि त्यात कॉम्प्युटरबरोबर आलेली ओरिजिनल सीडी होती. दसऱ्याला लोक कॉम्प्युटरला हळदकुंकू लावतात, झेंडूचं फूल वाहतात. मी सीडीही खाली काढून शेजारी मांडायचो. कॉम्प्युटर म्हणजे नुसता देह, आत्मा सीडीत, असं माझं ठाम मत! त्यावर माझी बायको शालिनी म्हणायची, "आत्म्याला कुंकू जरा बेतानं लावा."

यंदा शालिनीने नाटक लिहिलं. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत गणपतीत महिला मंडळाची एकांकिका असते. शाळेतून निवृत्त झाल्यावर शालिनीने ठरवलं, या वर्षी आपण स्वतः लिहायची. बिल्डिंग पाडायला निघालेल्या बिल्डरला दाद न देणाऱ्या एका सासूबाईंची गोष्ट. रोज दुपारी ती कॉम्प्युटरपुढे बसायची आणि टाइप करता करता स्वतःशीच हसायची. इतकी खुशीत मी तिला आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं, आणि ते बघून मलाही बरं वाटायचं. तालमी आमच्याच हॉलमध्ये व्हायच्या, बायका स्क्रीनवर बघून वाक्यं म्हणायच्या. शेवट मात्र तिने कोणालाच दाखवला नव्हता.

बंगळूरला असलेला आमचा मुलगा अमेय फोनवर सांगत होता, आई, एक प्रत मला पाठवून ठेव. मीच अडवलं. म्हटलं, नाटकं चोरीला जातात. (कोण चोरणार होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा सी विंगवाले.)

मे महिन्यात आला होता तेव्हा अमेयने कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम चढवली होती. गणपती आठवड्यावर आले, शालिनी नाटक छापायला बसली आणि लक्षात आलं की नव्या सिस्टिमशी आमच्या प्रिंटरचं पटत नाही. एवढंच झालं होतं. बाकी कॉम्प्युटर ठणठणीत होता!

मी माळ्याकडे बघितलं. अमेयला फोन करून माझा बेत सांगितला.

"बाबा, सिस्टिम नवी आहे, सीडी जुनी आहे. त्याने दुरुस्ती नाही होणार. रविवारी मी इथून बघतो. तोवर हात लावू नका."

हात लावू नका! ज्याने आयुष्यभर पाच मजली रॅकमधून डोळे मिटून नटबोल्ट काढले, त्याला हे सांगायचं?

शालिनी मखराचं सामान आणायला बाजारात गेली आणि मी सीडी काढली. ती आधी चालेचना. उलटी करून पाहिली, तर चकचकीत बाजूवर इतक्या दसऱ्यांचं कुंकू साचलेलं! चष्म्याच्या फडक्याने ते पुसून काढलं. एवढ्यात शेजारचे महेशभाई पेपर मागायला आले. त्यांचं साड्यांचं दुकान आहे आणि कॉम्प्युटरमधलं त्यांना माझ्याइतकंच कळतं, त्यामुळे मला मोठा धीर आला.

स्क्रीनवर पाटी आली की इथली सिस्टिम या सीडीपेक्षा नवी आहे, दुरुस्ती होणार नाही. मला संताप आला. मे महिन्यात आलेली सिस्टिम घरच्या जुन्या सीडीला उंबऱ्यावरून परत पाठवते म्हणजे काय! मी दुरुस्ती सोडली आणि "नव्याने बसवा" हा मार्ग धरला. आता पाटी आली की यावरचं सगळं पुसलं जाईल. मी जरा थबकलो.

"ओरिजिनल आहे ना, काका?" महेशभाई म्हणाले. "मग घाबरता कशाला? दाबा ना."

मलाही पटलं. पुसून घेतल्याशिवाय आपल्याकडे कुठलं शुभकार्य सुरू होतं? दाबलं. कॉम्प्युटरने पुन्हा विचारलं, नक्की ना? पंगतीत जिलबीचा आग्रह करतात तसं मला ते वाटलं आणि मी पुन्हा हो म्हटलं.

तासाभराने कॉम्प्युटर घरी आला त्या दिवशीसारखा झाला. कोरा, करकरीत. आणि प्रिंटर सुरू! चाचणीचं पान असं सुरेख छापून आलं की महेशभाईंनी टाळी दिली. शालिनी दारात दिसताच मी ते पान तिच्यापुढे फडकवलं.

तिने पिशव्या खाली ठेवल्या, चष्मा लावला आणि बराच वेळ स्क्रीनवर शोधत राहिली. महेशभाई पेपर न घेताच निघून गेले.

"माझं नाटक कुठाय?"

"आता सगळं ओरिजिनल झालंय," मी म्हटलं.

"मी ते नाही विचारलं."

रागावली की शालिनी मालवणीत उतरते. त्या दिवशी ती नुसती गॅलरीत जाऊन बसली. मी अमेयला फोन लावला, तर तो म्हणाला, त्याच्यावरच दुसरी सिस्टिम बसवलीत, आता परत मिळणं कठीण आहे. शालिनीचं ते दुपारचं हसणं आठवून मला फार वाईट वाटलं. (तिला तसं सांगायला हवं होतं. मी चहा करून दिला.)

संध्याकाळी मंडळाच्या बायका जमल्या. आठवून आठवून सांगू लागल्या, शालिनी लिहून घेऊ लागली. दुसरीचं वाक्य एकीलाही आठवत नव्हतं, स्वतःची मात्र मूळच्या दुप्पट आठवत होती. कानिटकरबाईंना शेजारणीचं दोन वाक्यांचं काम होतं, त्याचा अख्खा प्रवेश झाला! नाटक असं उभं राहिलं, पण शेवट कोणालाच माहीत नव्हता आणि शालिनीला तो पुन्हा सुचेना. दोन दिवस तिने हातात पेन धरून काढले. तिसऱ्या दुपारी ती माळ्याकडे बघून एकाएकी हसली आणि लिहायला लागली. मला हॉलमध्ये यायची बंदी झाली.

प्रयोगाला मी पहिल्या रांगेत होतो. शेवटच्या प्रवेशात सासूबाईंचा नवरा आला. बिल्डर लॅपटॉपवर टॉवरचा नकाशा दाखवत असतो, तेवढ्यात लॅपटॉप अडकतो. नवरा माळ्यावरून कुंकू लावलेली सीडी काढतो, "ओरिजिनल आहे" म्हणत लॅपटॉप दुरुस्त करतो आणि टॉवर साफ पुसून टाकतो! घर वाचतं. मंडप हसून लोळला. नवऱ्याच्या कामासाठी मंडळाने प्रथमच पुरुष घेतला होता: महेशभाई, माझा बनियन घालून.

घरी येताना मी शालिनीला म्हटलं, नाटक झकास झालं, पण ती भूमिका हक्काने माझी होती.

"तुम्हाला नसतं जमलं," ती म्हणाली. "शेवटी तो बायकोला 'माझं चुकलं' म्हणतो."

मी बिल्डिंगच्या गेटपर्यंत विचार केला. मग म्हटलं, "तेवढं वाक्य गाळलं असतंस तर मी छान केली असती."