धावपट्टीशेजारचं श्राद्ध

बाबांच्या वर्षश्राद्धाचं पान घेऊन मी गच्चीवर निघाले, तर लिफ्टपाशी वॉचमन आडवाच आला. "बेडा मॅडम, बेडा!" बेडा म्हणजे नको, एवढं कानडी मला येतं. आमच्या इमारतीला लागूनच बेंगळुरूच्या जुन्या विमानतळाची भिंत आहे. प्रवासी विमानं केव्हाच शहराबाहेरच्या नव्या विमानतळावर गेली. इथे आता लढाऊ विमानांच्या चाचण्या चालतात, हेलिकॉप्टरं उठतात, मंत्र्यांची नि शेठलोकांची खासगी विमानं उतरतात. इंजिनात पक्षी शिरला तर सत्यानाश, म्हणून सोसायटीत पाखरांना काहीही घालायला बंदी. पण म्हणून श्राद्धाच्या दिवशी कावळ्यालाही?

"कावळा शिवला नाही तर यांचा जीव अडकून राहील गं," आई म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. "काय राहिलं असेल यांचं?"

मलाही तेच कुतूहल होतं. बाबांना तसं कशाचंच काही नसायचं. आईला घेऊन नागपूरहून माझ्याकडे राहायला आले आणि या विमानांच्या नादी लागले, एवढंच. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. आवाज आला की हाक, "अगं ये, लवकर ये!" नेमके तेव्हा आईचे हात कणकेत. कानठळ्या बसवून विमान निघून जायचं, तरी यांच्या हाका चालूच. "गेलेल्या विमानाला काय ओवाळू?" आई आतून फणकारायची. मी माझ्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. त्या आभाळाकडे बघायला घरात वेळ होता तो एकट्या बाबांना.

शेवटी पान गाडीत घातलं आणि ट्रॅफिकला शिव्या देत शहराबाहेर आनेकलच्या बाजूला गेलो. तिथे एका तळ्याच्या बांधावर कावळेच कावळे. हायसं वाटलं. पान ठेवलं. कावळे आले, पानाभोवती फिरले, शिवेना एकही. मग मी रीतीप्रमाणे कबूल करायला सुरुवात केली. बाबा, आईला नीट सांभाळीन. नागपूरचं घर विकणार नाही. वेळेवर जेवीन. एकाने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि लांब जाऊन बसला. मला रागच आला. जन्मभर वड्यांवर तुटून पडणारा माणूस, आज भाव खातोय!

"हो बाजूला," आई म्हणाली. तिने हात जोडले. "अहो, येईन मी. कणकेच्या हातांनी येईन. बघेन तुमचं विमान."

कावळा आला आणि वडा उचलून गेला.

मी बाजूला झाले म्हणून आला असेल, कावळा माणसाला बिचकतो, असं मी परतताना गाडीत बोलूनही दाखवलं. आईने ऐकलंच नाही. पदराने डोळे पुसत ती खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज घुमला. आई कणीक तशीच टाकून गॅलरीत धावली. ती एवढी धावते कशी हे बघायला मीही हेडफोन काढून मागे गेले. आम्ही कठड्याशी पोचेपर्यंत विमान भिंतीपलीकडून वर चढून दिसेनासं झालं होतं.

"गेलं," मी म्हणाले आणि आत वळले.

"थांब गं."

मागून आणखी एक आलं. त्याच वाटेने, पहिल्याचा माग काढत. चाचणीच्या विमानाचं सगळं ठीक चाललंय ना, हे बघायला मागून दुसरं उडतं, हे मी नंतर शोधून काढलं. तेव्हा आम्ही दोघी नुसत्या तोंड उघडं टाकून बघत राहिलो. इतकी वर्षं या घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

"दोन असतात होय?" आई म्हणाली. कणकेचे हात तिने तसेच वर धरले होते. "म्हणून हाका मारत राहायचे. पहिलं हुकलं तरी दुसरं मला दिसावं म्हणून."