एका ढिगाची सदतीस माणसं

कुरुंद्याच्या आमच्या शेतकरी कंपनीत शिला लालसिंग राठोड कामाला लागली, त्या दिवशी मी तिला चहा सांगायला पिटाळलं होतं. मी वैजनाथ, गोदाम सांभाळतो आणि तोंडानं जरा फटकळ आहे. "चहा मी बी घेईन मामा, पण सांगायला तुमीच जा," असं म्हणून ती कॉम्प्युटरपुढे बसली. शेजारच्या तांड्यावरची पोरगी, वसमतला बीसीए झालेली. तेव्हापासून आमचं जमलं.

गोष्ट गेल्या मार्चची. हळदीचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून झाले होते. तिथला अहवाल इंटरनेटवरून थेट आमच्या प्रोग्रॅममध्ये उतरतो. तो प्रोग्रॅम पुण्याच्या कुणीतरी करून दिलेला. चारच्या आत यादी खरेदीदाराला जायला हवी होती, आणि यादीत सदतीस नावांपुढे आलं, 'नमुना नाही'. बहुतेक नावं तांड्यावरची. त्यांचे नमुने घरोघर फिरून गोळा केले होते कंपनीत कामाला असलेल्या निर्मलाबाईंनी.

अध्यक्ष उकंडरावांनी त्यांना सकाळीच भर आवारात, दहा माणसांसमोर झापलं. "पिशव्या कुठं टाकल्या बाई? सदतीस घरायचा माल तुमच्यापायी राहिला. उद्यापासून येऊ नका."

"मी सगळ्या आणून देल्या व्हत्या," एवढंच त्या म्हणाल्या.

पिशव्या गाडीत मीच चढवल्या होत्या, पण मोजल्या नव्हत्या. म्हणून गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, मलाही शंका आली होती. आज त्याची लाज वाटते.

शिलानं प्रयोगशाळेला फोन लावला. आमच्याकडून सगळं बरोबर जातंय, असं उत्तर आलं. मी म्हटलं, आता टोलवाटोलवी सुरू. पण तिनं आमची यादी बाजूला सारली आणि तिकडून आलेलं मूळ उत्तरच उघडलं. नुसता कंसांचा पसारा! डब्यात डबा, त्यात आणखी डबा: शेतकरी, त्याच्या आत त्याचे हळदीचे ढीग, ढिगाच्या आत तपासणीचे आकडे. तिनं तांड्यावरच्या जनकाबाईचं नाव शोधलं. यादीत 'नमुना नाही', आणि इथं अख्खा अहवाल हजर!

मग शेजारी उकंडरावांचा अहवाल ठेवून ती ओळ न् ओळ ताडू लागली. तीन वाजून गेले. मी डोक्यावर उभा राहून "झालं का" विचारत होतो.

"काकाचे ढीग दोन हायत मामा, हळकुंडाचा अन् गड्ड्याचा. जनकाकाकीचा एकच." ती माझ्याकडे वळली. "आमी गड्डे इकत न्हाई, पुढच्या लागवडीला बेणं म्हणून ठेवतो. आमचा ढीग एकच ऱ्हातो."

सदतीसही जणांचा ढीग एकेकच निघाला.

"मग त्यात काय बिघडलं?" मी विचारलं.

"माय एकच भाकरी द्यायची असली की हातावर देती. चार असल्या तर टोपलं पुढं ठेवती. ते प्रयोगशाळावाले बी तसंच करून राहिले. दोन ढीग असले की यादीत घालून धाडतेत, एकटा असला की नुसताच. अन् आपला प्रोग्रॅम टोपलं हुडकून राहिला. टोपलं दिसलं न्हाई की म्हणतो, भाकरीच न्हाई."

माझ्यासारख्या दगडालाही कळलं. तिनं प्रोग्रॅममध्ये चार ओळी घातल्या: ढीग एकटा आला तर आधी त्याला यादीत बसव, मग पुढं जा. पुन्हा उत्तर मागवलं. सदतीसच्या सदतीस नावांपुढे आकडे उमटले, आणि जनकाबाईच्या हळदीच्या कसाचा आकडा तर उकंडरावांपेक्षा वरचढ! माझी छाती अशी फुगली, जणू प्रोग्रॅम मीच दुरुस्त केला होता.

चारला दहा मिनिटं कमी असताना यादी गेली. उकंडराव म्हणाले, "शाब्बास पोरी."

"यादी मी दुरुस्त केली काका," शिला म्हणाली. "सकाळचं बोलणं मला दुरुस्त करता येत न्हाई. ते तुमचं तुमी करा."

मी मनात म्हटलं, गेली हिची नोकरी. उकंडराव तापट खरे, पण दिलाचे खोटे नाहीत. लालबुंद झाले. छापलेली यादी उचलली आणि आवारात गेले. निर्मलाबाई अजून फाटकापाशी बसून होत्या. त्यांच्यासमोर, सगळ्या लोकांच्या देखत, त्यांनी ती सदतीस नावं खड्या आवाजात वाचली. दर नावाला निर्मलाबाई म्हणाल्या, "व्हय, आणला व्हता." एकही नाव त्यांनी सुटू दिलं नाही.

"चुकलं माझं बाई," शेवटी उकंडराव म्हणाले. "उद्या या."

"येते," निर्मलाबाई पदर सावरत उठल्या. "पण पुढच्या खेपेला आधी आमच्या शिलाला इचारा, मग मला बोला."