संध्याला आलेलं हिरोचं पत्र

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी हळूच बाजूला सारत आले. आता साठी उलटून गेली. आता तरी सांगावं, नाही का? पण बघा, पहिल्याच ओळीत अडखळले. सांगायचं ते सोडून वय सांगत बसले.

आमच्या शाळेच्या मैत्रिणींचा एक ग्रुप आहे फोनवर. परवा त्यात कोणीतरी त्याचा फोटो टाकला. त्याचा म्हणजे आमच्या हिरोचा. एका बाजूला तेव्हाचा, बावीस-तेवीस वर्षांचा, गळ्यात स्वेटरच्या बाह्या बांधलेला, कपाळावर केस. दुसऱ्या बाजूला आताचा, पोट सुटलेला, रंगवलेल्या मिशीचा. खाली लगेच सुरू झालं — काय दिवस होते, आपण किती वेड्या होतो, मी तर त्याचा फोटो भूगोलाच्या पुस्तकात ठेवायची. तेवढ्यात एकीनं लिहिलं, 'सगळ्यात जास्त वेडी संध्या होती. कुठं असते गं ती?'

कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत आहे. मी फोन पालथा ठेवला आणि कुकर लावायला गेले.

तुम्ही त्या काळातले नसाल तर तुम्हाला थोडं सांगावं लागेल. त्या दोन-चार वर्षांत सगळे नवेच चेहरे आले होते. त्याआधीचे हिरो आमच्या बापाच्या वयाचे. कॉलेजात जाताना दाखवले तरी ते मास्तरच वाटायचे. आणि मग ही पोरं आली. खरीच पोरं! आमच्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी, मोटारसायकलवर बसणारी, घरच्यांशी भांडणारी, प्रेमात पडली की सरळ रडणारी. नागपुरात महालातल्या आमच्या गल्लीत बाप्यांना रडताना कोणी पाहिलं होतं? आम्ही बर्डीवरच्या थेटरात मॅटिनीला जायचो, बायकांच्या तिकिटाच्या खिडकीवर ओढण्या फाटेपर्यंत रेटारेटी करायचो आणि परत येताना बोलायचोच नाही. इतकं भरून आलेलं असायचं.

आणि आम्ही पत्रं लिहायचो. सिनेमाच्या मासिकात पत्ता छापलेला असे. बहुतेकींचं हिंदी कच्चं, म्हणून पत्र लिहायचं काम माझं. वर्गातल्या सहा-सात जणींची पत्रं मीच लिहिली असतील. अक्षर मोत्यासारखं होतं माझं. 'आप हमारे दिल की धड़कन हैं' — असलं काय काय. महिन्या-दोन महिन्यांनी एखादीला उत्तर यायचं, पोस्टकार्डाएवढा फोटो आणि त्यावर सही. मग बोट ओलं करून आम्ही सहीवरून फिरवायचो. शाई पसरली तर हातची, नाही पसरली तर छापील. कधीच पसरायची नाही. तरी तो फोटो आठवडाभर वर्गात फिरायचा.

संध्याला मात्र फोटोसुद्धा आला नाही. तुम्हाला वाटेल, मीच तिची पत्रं टाकली नसतील. नाही हो, टाकली. तेवढी तरी मी बरी होते.

संध्या माझी शेजारीण. एका भिंतीआड घर. वडील इतवारीत कापडाच्या दुकानात, मोठा भाऊ नुकताच नोकरीला लागलेला. गणितात ती वर्गात पहिली. दहावी झाली की डी.एड. करायचं आणि मास्तरीण व्हायचं, हे तिनं सातवीतच ठरवलेलं. मी? मी काहीच ठरवलं नव्हतं. ती जाईल तिकडे जायचं, एवढंच.

दहावीच्या दिवाळीत तिनं कपाळावर बट कापली, सिनेमातल्या पोरींसारखी. तिला ती फार शोभली. माणसं वळून बघायला लागली, आणि तिच्या शेजारून चालणारी मी कोणाला दिसेनाशी झाले. पण राग त्याचा नव्हता. निदान तेवढ्याचा नव्हता. एक दिवस ती मला म्हणाली, "विजू, आता माह्यं पत्र मीच लिहीन. तुह्या हातचं खोटं वाटते वं."

एवढंच. सहज म्हणाली ती. आणि मला तिनं लिहिलेलं पत्र दाखवलं. हिंदीच्या शंभर चुका, पण काय लिहिलं होतं! गच्चीवर बसून गणितं सोडवताना खालून रेडिओवर तुमचं गाणं लागतं आणि मी पेन्सिल खाली ठेवते, असं काहीतरी. वाचून माझ्या पोटात दुखलं. मला असं कधी लिहिता आलं नव्हतं, येणारही नव्हतं. माझ्याजवळ एकच गोष्ट होती आणि ती तिनं अशी जाता जाता काढून घेतली.

मग मी ते केलं. कसं सांगू — हसतच केलं. डाव्या हातानं हिंदीत तिला पत्र लिहिलं, हिरोच लिहितोय असं. तुमचं पत्र वाचलं, ती गच्ची, ती पेन्सिल, सगळं डोळ्यांपुढे आलं. सिनेमाच्या पंचविसाव्या आठवड्याला मी कोणाला न सांगता तुमच्या गावी येतोय. संक्रांतीनंतरच्या रविवारी मॅटिनीला, पिवळी ओढणी घेऊन दाराशी उभ्या राहा, मी ओळखीन. खाली सही करायची हिंमत झाली नाही, कारण त्याची छापील सही वर्गातल्या प्रत्येकीला पाठ होती, लगेच पकडले गेले असते. म्हणून नुसतं लिहिलं, 'तुम्हारा वही'. पाकीट खरं दिसावं, वर शिक्का असावा, म्हणून मुद्दाम पोस्टाच्या पेटीत टाकलं. शिक्क्यावर गावाचं नाव असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हुशार ती होती, मी नव्हते.

मला काय हवं होतं? ती दाराशी दोन तास उभी राहील, तोंड पाडून घरी येईल, मग मी सगळं सांगेन, ती मला चार शिव्या देईल आणि पुढचं पत्र माझ्याकडूनच लिहून घेईल. खरंच, एवढंच होतं मनात. पण मनात काय होतं याला आता काय किंमत?

पत्र तिच्या घरी दुपारी आलं. तिच्या आईला, आमच्या काकूंना, वाचता येत नव्हतं; बाकीच्या पोरींना येतो तसा फोटो आला असेल म्हणून त्यांनी ते तिच्या हातात दिलं. संध्या पळत आमच्याकडे आली. माझ्यासमोर बोट ओलं करून अक्षरावर फिरवलं. शाई पसरली.

"विजू, हातचं आहे," ती म्हणाली. "त्यानं हातानं लिहिलं वं." आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. फिरवला हो. तो हात डावा होता की उजवा, ते आठवत नाही.

तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतर चार दिवस होते, रोज शाळेत बरोबर जात होतो, रोज सांगता आलं असतं. ती मला म्हणाली होती, तूही चल. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय.

रविवारी ती पिवळी ओढणी घेऊन थेटरच्या दाराशी उभी राहिली. सिनेमा सुरू झाला, मध्यंतर झालं, ती आत गेली नाही. कोणाची वाट बघत एकटी पोरगी अडीच तास उभी, बर्डीवर, भर रस्त्यात. तिच्या भावाच्या कोणा मित्रानं पाहिलं. भाऊ आला. त्यानं तिला रस्त्यातच मारलं. घरी नेऊन दप्तर झाडलं तेव्हा पत्र निघालं. नाव नाही, गाव नाही, 'तुम्हारा वही'. ती ओरडून सांगत होती, हे बंबईहून आलं, हिरोनं पाठवलं. ते भिंतीपलीकडून मला स्पष्ट ऐकू येत होतं. मग तिचा आवाज एकदम बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आमच्याकडे आल्या. मी वेणी घालत होते. आई तांदूळ निवडत होती. काकूंनी पदराआडून पत्र काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"विजू, तू तिच्यासंगं राहते. हे कोणाचं वं? सांग मले. मी तुले काही नाही म्हणत."

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. रात्रभर रडलेल्या बाईचा होता. माझं तिरपं अक्षर माझ्यासमोर होतं. 'माझं' एवढं म्हणायचं होतं. आईनं दोन थपडा दिल्या असत्या, आठ दिवस बोलली नसती. बस. एवढ्यावर निभावलं असतं.

मी म्हटलं, "मले नाही माहीत काकू. पण मी तिले म्हटलं होतं, असं नको करू म्हणून."

कसं नको करू? काय नको करू? काकूंनी विचारलंच नाही. त्यांना जे ऐकायची भीती होती ते त्यांनी ऐकलं. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे पोट्टा आहे. तुमच्या शाळेजवळचा आहे का?"

आणि मी मान हलवली. होय म्हणून.

हेच ते. इतकं फिरून इथंच यायचं होतं. पत्र पोरवयात लिहिलं, चेष्टेत लिहिलं, ते कदाचित तुम्ही सोडून द्याल. पण ही मान मी शुद्धीत हलवली. ती हलली नसती तर काकू घरी जाऊन म्हणाल्या असत्या, विजूलेही काही माहीत नाही. कदाचित पोरीचं खरं धरलं असतं. मी मान हलवली आणि संध्याची शाळा त्याच दिवशी सुटली. परीक्षेला दोन महिने उरले होते. अक्षयतृतीयेला तिचं लग्न लावून दिलं, पारशिवनी गावात, तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या माणसाशी. लग्नात मी करवली होते. तिच्या कपाळावरची बट तेल लावून मागे चापून बसवली होती.

त्याच आठवड्यात काकू आईजवळ बोलताना मी ऐकलं. त्या म्हणाल्या, "पाकिटावरचा शिक्का दाखवला बाई, नागपूरचाच. तो पाहिला अन् पोट्टी चुप झाली. मग किती मारलं तिच्या भावानं, पण नाव नाही सांगितलं."

तुम्हाला कळलं ना? गच्चीचं, पेन्सिलीचं ते पत्र दोघींनीच वाचलं होतं. एक ते लिहून मुंबईला पाठवणारी ती, आणि दुसरी मी. शिक्का नागपूरचा. गणितात पहिली येणाऱ्या मुलीला याचं उत्तर काढायला किती वेळ लागला असेल? पाठीवर मार पडत असताना तिनं ते काढलं, आणि माझं नाव गिळून टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी मी तिला विकून मोकळी झाले.

मी दहावी झाले. मग डी.एड. केलं. हो, मीच केलं. बाईंच्या खुर्चीत अख्खी नोकरी काढली. दुसऱ्यांच्या पोरींना खरं बोलावं म्हणून निबंध लिहायला लावले आणि चांगल्या अक्षराला शाबासकी दिली.

तिच्या लग्नानंतर सात वर्षांनी शिक्षकांच्या एका शिबिरासाठी मला पारशिवनीला जावं लागलं. बाजारात संध्याच समोर आली. वाळली होती, पण हसली तशीच. ओढतच घरी घेऊन गेली. ओट्यावर पाटी घेऊन तिची मुलगी बसली होती, बेरजा करत. संध्यानं जाता जाता तिची एक चूक दाखवली. मला भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली, शाळेतल्या सगळ्यांची चौकशी केली. हिरोचं नाव निघालं तेव्हा ती म्हणाली, आता काही चालत नाहीत वं त्याचे सिनेमे. मी जरा सैल झाले. वाटलं, विसरली.

मग ताटाकडे बघत तिनं विचारलं, "विजू, एक सांगशील? त्या दिवशी आई तुह्याकडे आली होती, तेव्हा तू तिले काय म्हटलं?"

पत्राचं तिनं विचारलं नाही. ते तिला ठाऊकच होतं. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं. सात वर्षं थांबली होती. आवाजात राग नव्हता, खरं सांगते. उलट मला वाट करून देत होती ती.

मी म्हटलं, "मी म्हटलं, मले काहीच माहीत नाही."

तिनं भाजीचं भांडं पुढे ओढलं. तिची आई तिला काय म्हणाली असेल, हे मला तेव्हा सुचायला नको होतं का? विजूनंच सांगितलं, असं म्हणूनच तर लग्न ठरवलं असेल. म्हणजे तिला तेही माहीत होतं. सगळंच माहीत होतं.

"बरं," ती म्हणाली. "घे अजून भाजी. बस चारची आहे तुही."

त्यानंतर मी तिला भेटले नाही. ती आहे. त्याच गावात आहे, मुलीची मुलगी आता कॉलेजात जाते, हे मला इकडून तिकडून कळतं. इथून पारशिवनीची बस दिवसभर असते. दोन तास लागतात, जास्त नाही. आज मी हे सगळं तुम्हाला सांगितलं, ज्यांचं मी काही बिघडवलं नाही आणि जे मला ओळखतही नाहीत. तिला सांगितलेलं नाही. उद्याही मी त्या बसमध्ये बसणार नाही.