मुंबैच्या सैपाकघरवाल्या हाटेलात चार दिस

किश्श्यांचं दुधीच्या येलागत असतंय. एक तोडाया जावं तर पानाआड आनखी दोन लोंबत असत्यात. आमी मुळशीतल्या चांदे गावची मानसं चार दिस मुंबैला ऱ्हायलो, आन तेवढ्यावर मी आजवर निम्म्या मुळशीचं डोस्कं खाल्लंय!

झालं असं. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, पोरगी यसू लगनाची. सावळी म्हनून तीन जागी नाकारल्याली. पोर हासायचीच बंद झाली व्हती. चौथं स्थळ मुंबैचं, मुलगा हापिसात कारकून. त्यांचा सांगावा आला, "पोरगी हितंच आनून दावा." मग एका वळखीच्यानं एका हाटेलात सैपाकघरासकट दोन खोल्या बघून दिल्या. दादा, वहिनी, यसू आन मी, अशी वरात निघाली.

*

दादा दारातच मॅनेजरवर घसरला. "हाटेलात येऊन आमच्याच बाईनं भाकऱ्या बडवायच्या, मग तुमी काय करता वो?"

"आम्ही भांडी देतो."

"भांडी तर आमच्या गावात लगनाला बी मिळत्यात. पर तितं जेवाया बी घालत्यात!"

*

भितीवर एक बटन व्हतं, वेटरला बोलवायचं. मी दादाला सांगितलं, "ह्ये दाबलं की पंखा जोरात फिरतोय."

दादा दाबतोय, म्हातारा वेटर धावत येतोय. "काय पायजे?" "काय न्हाई." ह्यो गेला की दादा परत दाबतोय!

पाचव्या खेपंला वेटर पुठ्ठा घिऊनच आला आन दादाला वारा घालाया लागला!

*

रोज सकाळी चादर बदलाया मानूस यायचा. दादाला त्यो अपमान वाटला. "एका रातीत चादर मळती व्हय? आमी काय चिखलातली म्हसरं हाय?"

आन चादरीवर मांडी घालून बसला! त्यो मानूस एक टोक वढतोय, ह्यो दुसरं. शेवटी त्यो वैतागला आन माझीच चादर दोनदा बदलून गेला.

*

वहिनीचं येगळंच. दारात आल्यालं मानूस उपाशी धाडायचं न्हाई, ही घरची रीत. चादरवाला आला, "जेवून जा." धोबी आला, "बस, भाकरी गरम हाय."

तिसऱ्या दिशी मॅनेजर तनतनत वर आला. "माझी माणसं जातात कुठं?" बघतोय तर समदी आमच्या सैपाकघरात पंगतीला!

वहिनी म्हनली, "तुमी बी बसा की."

शिव्या द्यायला आल्याला मानूस दोनदा पिठलं मागून गेला.

*

चौथ्या दिशी पाव्हनं यायचं, तवा मात्र आमी समदी टेकीला आलो.

यसूला खोलीत बसवून आमी तिघं पाव्हन्यांना आनाया खाली गेलो. जाताना मी तिला बजावलं, "मुंबै हाय बाय! पुरती वळख पटल्याबिगर कुनालाबी दार उघडायचं न्हाई."

वर आलो. दार आपसूक बंद होनारं, किल्ली आतच. दाराला वाटान्यायेवढी काच, आतनं भाईरचं समदं दिसायचं. दादानं दार वाजिवलं. "यसे, उघड. पाव्हनं आल्यात."

आतनं आवाज आला, "मुलगा कोनता?"

मुलाची आई चमकली. दादानं माझ्याकडं बघून दात खाल्लं. मुलगा कोट सावरत पुढं झाला. "मी."

"शिक्षान?"

"मॅट्रिक."

"सैपाक येतोय का?"

"च... चहा येतो."

वहिनीनं कपाळाला हात लावला. "यसे, अगं मेले, दार उघड!"

"थांब गं आई. जरा चालून दावा म्हनावं."

मुलाची आई "हे काय भलतंच!" म्हनंस्तवर गडी मान खाली घालून लिफ्टापतुर जाऊन माघारी आला बी!

मुलगा त्या काचंकडं डोळं लावून उभा.

मग आतनं यसू शांतपनी म्हनली, "बरं हाय. घरी जाऊन कळिवतो आमी."