अंगचोर डावा

इंदिरानगरात आमच्या समोर राहणारे काका मूळचे निफाडकडचे. त्यांच्या हॉलमध्ये कमरेएवढे दोन जुने लाकडी स्पीकर आहेत. ते बदलायचे का, हा काकांचा वर्षानुवर्षांचा विचार. दुकानात जाऊन डोळे मिटून नवे स्पीकर ऐकतात आणि रिकाम्या हाताने परत येतात. "आवाज लय साफ हाय, पण अंगात जोर नाय."

घरच्या जोडीबद्दलही ते बैलांबद्दल बोलावं तसंच बोलतात. उजवा गुणी, डावा अंगचोर. डावा खरखरायला लागला की काका त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि तो खरंच सुधारायचा.

यंदा मात्र डावा कायमचा गप्प झाला. काकूंनी आग्रहाने नवे स्पीकर ठरवले. दुकानाचा माणूस जुने न्यायला आला, तर काकांनी त्याला दारातूनच माघारी पाठवलं. मी समोरच होतो.

"का हो काका, काय झालं?"

"भाऊ, आज पोळा हाय. आजच्या दिवशी कोणी दावणीची जोडी सोडतं का?"

आत डोकावलो. दोन्ही स्पीकरना हळदकुंकू लावलेलं होतं. उजव्यापुढे एक पुरणपोळी होती, डाव्यापुढे दोन.