करंजाखालची फियाट

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, एकदा सुरू झालो की मला मध्ये थांबता येत नाही. आमच्या बनशंकरीच्या गल्लीत पुरातून गाडी वाचवणारा माणूस म्हणून माझा एके काळी केवढा मान होता! तो मान मला कसा मिळाला, हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चहा घ्या, सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गल्लीत फियाट दोनच. एक माझी, एक समोरच्या रंगप्पांची. दोन्ही सायीच्या रंगाच्या, दोन्ही आमच्या आधी चार-चार मालक बघून आलेल्या. आणि सावली देणारं करंजाचं झाड एकच. त्या झाडाखाली गाडी कुणी लावायची, यावरून रंगप्पांचं आणि माझं वर्षभर बोलणं बंद होतं. शिकलेली माणसं हो आम्ही!

त्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, हेब्बाळच्या बाजूला. मोतीबिंदू पुरता पिकलेला. तिनं एकच अट घातली होती, "रिक्षानं येणार नाही. घरची गाडी असेल तर डोळा, नाहीतर राहू दे." आणि ऑपरेशन दोन दिवसांवर.

खंडेनवमीला गल्लीतल्या सगळ्या गाड्या पूजेसाठी हलवल्या. बॉनेटवर कुंकू, पुढं केळीचे खुंट, नंबरप्लेट झाकेल एवढे हार. चाकाखाली लिंबं चिरडली आणि मंडळी जेवायला गेली; गाड्या गल्लीतल्या पोरांनी जागा मिळेल तिथं लावून किल्ल्या घरोघरी पोचवल्या. रात्री असा पाऊस कोसळला की पहाटे उठून बघतो तर गल्लीचा ओढा झालेला. करंजाखाली फियाट गुडघाभर पाण्यात उभी.

डोळ्यांपुढं आईचा डोळा आला. तसाच लुंगी खोचून पाण्यात उतरलो.

आता गाडीतलं मला थोडं कळतं, असं मीच लोकांना सांगत असे. पाण्यातली गाडी चालू करायची नाही, इंजिनात पाणी ओढलं जातं. न्यूट्रलमध्ये टाकून ढकलायची. किल्ली लावली. जरा अडली, मग फिरली. माझी किल्ली झिजून झिजून नखाएवढी झालेली, ती कधी अडायची, कधी फिरायची. मला वेगळं काही वाटलं नाही.

आत डॅशबोर्डवर आमचा गणपती नव्हता, मारुती होता. म्हटलं, आईनं पूजेला बदलला असेल. सीटवर हिरवा टॉवेल होता. तोही आईनंच घातला असेल. मागं कुणाची तरी काठी पडलेली. म्हटलं, आईची कमालच आहे, ऑपरेशनची तयारीसुद्धा करून ठेवली.

गल्लीतल्या चौघांना हाका मारल्या आणि गाडी चढावर नेली. बॅटरीची वायर सोडवली, प्लग काढले, घरी नेऊन तव्यावर तापवले. चटया पिळल्या. ऑइलची काडी दहा वेळा काढून बघितली, दुधासारखं झालंय का म्हणून. झालं नव्हतं. कार्ब्युरेटर तर माझ्या नव्या बनियननं पुसला. आई खिडकीत बसून माझ्याकडे तोंड करून होती. मी हात हलवला, तिनंही हलवला.

दुपारी स्टार्टर मारला. खोकली, थुंकली आणि चालू झाली! गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

आणि समोरून कोण येतंय? रंगप्पा. हातात कॉफीचा पेला, डोळ्यांत पाणी.

"राव," ते म्हणाले, "सकाळी बाल्कनीतून बघितलं तेव्हा वाटलं, तुम्ही दुष्टाव्यानं माझी गाडी झाडाखालनं ढकलून काढताय. पोलिसांना फोन करणार होतो, पण फोन बंद."

"तुमची गाडी?" मी म्हणालो.

"मग बघतो तर तुम्ही तिचे प्लग पुसताय. गुडघा धरलाय, मला उतरता येईना. स्वतःची गाडी तिकडं बुडत असताना माझी आधी वाचवलीत. असा माणूस मी बघितला नाही हो."

तिकडं? मी मान वळवली. गल्लीच्या खालच्या टोकाला, पाण्यातून एक टप आणि केळीचा एक खुंट तेवढा वर आलेला. मला रडू आलं. लोकांना वाटलं, मन भरून आलंय.

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, शप्पथ. पण रंगप्पांनी तेवढ्यात मिठी मारली. मग मी म्हणालो, "अहो, शेजारधर्म." आणि त्यांची कॉफी पिऊन टाकली.

माझी फियाट त्याच चौघांनी बाहेर काढली. महिनाभर ती गॅरेजात होती. ऑपरेशनला आईला रंगप्पांनी नेलं, आपल्या गाडीतून, दुखऱ्या गुडघ्यानं क्लच दाबत. हेब्बाळपर्यंत माझं कौतुक करत होते. डॉक्टरांनाही सांगितलं. कंपाउंडरलाही सांगितलं. मी खाली मान घालून, "परवागिल्ला, असू द्या हो, काय त्यात मोठं," असं म्हणत राहिलो. इतक्या वेळा म्हटलं की हळूहळू माझाही त्यावर विश्वास बसायला लागला.

चार दिवसांनी आईची पट्टी निघाली. घरी जेवायला वाढताना मी आपला सहज म्हणालो, "आई, माणसानं मन मोठं ठेवावं बघ. त्या दिवशी मी आपल्या गाडीचा विचारच केला नाही."

आईनं भाताचा घास तसाच हातात धरला.

"अरे, आपल्या गाडीला मी स्वतः केशरी अबोलीचा हार घातला होता. तू पिवळ्या झेंडूची गाडी ढकलत होतास. ते मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असून खिडकीतनं दिसत होतं."

"मग हाक का नाही मारलीस?"

"वर्षभर त्या माणसाशी बोलत नव्हतास. म्हटलं, देवानं बुद्धी दिली असेल पोराला," आई म्हणाली. "आता त्याच डॉक्टरांकडं तुझाही नंबर लावून आलेय."